पलटायचं कधी?

सरळ रुळांवर एक ट्रॉली उभी आहे. रूळ इतके गुळगुळीत की घर्षण धरलंच नाही तरी चालेल. ट्रॉलीची मोटर पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखाच जोर लावू शकते. पूर्ण जोर लावला की ट्रॉलीचा वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंदाने बदलतो. याहून जास्त ताकद तिच्यात नाही. समोर 100 मीटरवर खडूची एक रेघ आहे. तिथे जायचं आणि बरोबर रेघेवर थांबायचं. कमीत कमी किती वेळात?

पुढे वाचण्याआधी मनाशी एक अंदाज करून ठेवा.

बहुतेकांच्या मनात एक समजूतदार ड्रायव्हर येतो. तो हळू निघतो, वेग हलकेच वाढवतो, मधला टप्पा एका लयीत काटतो आणि रेघ जवळ आली की धक्का न देता थांबतो. एसटीत उभ्याने प्रवास केलेला कोणीही या ड्रायव्हरला दुवा देईल. त्याच्या मोटरचा जोर शून्यापासून हळूहळू चढत, उतरत, मग उलट दिशेने तसाच चढत-उतरत गेला (गणिती भाषेत साइन वक्रासारखा) तर ट्रॉलीला 25 सेकंद लागतील.

आता दुसरा ड्रायव्हर घ्या. हा अडदांड आहे. सुटल्या क्षणापासून पूर्ण जोर पुढे. दहा सेकंदांत तो 50 मीटर कापतो आणि त्याचा वेग 10 मीटर प्रतिसेकंद होतो. बरोबर त्या क्षणी तो खटका उलटा करतो आणि पूर्ण जोर मागे लावतो. पुढच्या दहा सेकंदांत वेग शून्यावर येतो, उरलेले 50 मीटर संपतात आणि ट्रॉली रेघेवर उभी राहते. एकूण 20 सेकंद.

याहून लवकर पोचता येईल का? नाही, आणि हे पटवायला शाळेतला आलेख पुरतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. आलेख शून्यातून निघून शून्यातच परत यायला हवा आणि त्याचा चढ-उतार ठरावीक तिरकेपणापेक्षा जास्त असता कामा नये. एवढ्या अटींत सर्वांत जास्त क्षेत्रफळ देणारी आकृती म्हणजे त्रिकोण: शक्य तितका तीव्र चढ, मग शक्य तितका तीव्र उतार. दुसरा कोणताही आलेख या त्रिकोणाच्या पोटात राहतो, म्हणजे तेवढ्या वेळात कमी अंतर कापतो. अडदांड ड्रायव्हरचं गणित चोख आहे.

मोटर पूर्ण पुढे किंवा पूर्ण मागे, मधलं काही नाही. अशा नियंत्रणाला इंजिनीअर ‘बँग-बँग’ म्हणतात. नाव थोडं थिल्लर वाटतं, पण त्याच्यामागे विसाव्या शतकातल्या गणिताचा एक देखणा सिद्धान्त उभा आहे. जोर किती लावायचा हा प्रश्न एकदा निकालात निघाला की सगळी अक्कल एकाच प्रश्नावर येऊन थांबते: पलटायचं कधी?

एका वक्रात सगळी युक्ती

ट्रॉली उभी असताना उत्तर सोपं होतं: निम्म्या वाटेवर. पण ती आधीच धावत असेल तर?

समजा रेघ 20 मीटरवर आहे आणि ट्रॉली तिच्याच दिशेने 10 मीटर प्रतिसेकंद वेगाने येते आहे. एवढ्या वेगातून थांबायला 50 मीटर लागतात, म्हणजे रेघ ओलांडली जाणार हे ठरलेलंच. अशा वेळी पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मागे लावायचा. ट्रॉली रेघेपलीकडे 30 मीटरवर थांबते आणि तोच जोर तिला परत आणू लागतो. परतीचे 15 मीटर झाले की खटका पलटायचा. एकूण 21 सेकंदांच्या आतबाहेर काम होतं. रेघ ओलांडताना, किंवा पलीकडे क्षणभर थांबताना, हात खटक्याकडे न्यायचा नसतो. पलटणं एकदाच.

नवशिका नेमकी इथेच चूक करतो. त्याचा नियम सरळ असतो: रेघेच्या अलीकडे असलो तर पुढे जोर, पलीकडे गेलो तर मागे. शंभर मीटरवरून तो निघाला तर रेघेवर 14 मीटर प्रतिसेकंद वेगाने पोचतो, मग कुठे त्याला मागे ओढायची आठवण होते. तोवर उशीर झालेला असतो. ट्रॉली पलीकडे 100 मीटर जाते, परत येते, पुन्हा तेवढीच अलीकडे जाते. घर्षण नसेल तर ही येरझार कधीच संपत नाही. त्याची नजर फक्त अंतरावर आहे, वेगावर नाही.

दोन्हीकडे एकदम पाहण्यासाठी एक चित्र काढू. आडव्या अक्षावर रेघेपासूनचं अंतर, उभ्या अक्षावर वेग. ट्रॉलीची या क्षणीची स्थिती म्हणजे कागदावरचा एक ठिपका. या कागदाला फेज प्लेन म्हणतात. ट्रॉली चालते तसा ठिपका सरकतो आणि पूर्ण जोर लावलेला असला की तो अन्वस्ताच्या वाटेने जातो. तिरका वर फेकलेल्या चेंडूचा मार्ग असतो तोच आकार, फक्त आडवा पडलेला. जोर पुढे असेल तर अन्वस्तांचं एक कुटुंब, मागे असेल तर दुसरं.

आपल्याला पोचायचं आहे कागदाच्या मध्यबिंदूवर: अंतर शून्य, वेगही शून्य. असंख्य अन्वस्तांपैकी त्या बिंदूत येऊन मिळणारे अर्धे तुकडे फक्त दोन आहेत, प्रत्येक कुटुंबातला एक. प्रवासाचा शेवट या दोहोंपैकी एकावरूनच होणार. हे दोन तुकडे जोडले की आडव्या पडलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा एक वक्र तयार होतो आणि कागदाचे दोन भाग करतो. एका भागात ठिपका असेल तर पूर्ण जोर पुढे, दुसऱ्या भागात असेल तर पूर्ण जोर मागे. ठिपका वक्राला टेकला की खटका पलटायचा आणि त्याच वक्रावरून घसरत मध्यावर उतरायचं.

अभियांत्रिकीतल्या फार थोड्या गोष्टी इतक्या कमी शब्दांत सांगता येतात. घड्याळ नको, मागचं काही लक्षात ठेवायला नको. दर क्षणी एवढंच विचारायचं, की मी वक्राच्या कोणत्या बाजूला आहे? वाटेत वाऱ्याचा झोत आला आणि ठिपका भलतीकडे गेला तरी प्रश्न तोच आणि उत्तर देण्याची रीतही तीच.

झोपाळा थांबवणं

ट्रॉली आपल्या जागी निवांत राहते, पण झोपाळ्याला स्वतःचं मन असतं. सोडला की तो मध्याकडे धावतो. तो लवकरात लवकर कसा थांबवायचा?

मोजायला एक माप ठरवू. पूर्ण जोराने ढकलून धरल्यावर झोपाळा मध्यापासून जितका सरकतो, ते अंतर एक वीत मानू. म्हणजे उजवीकडे सतत पूर्ण जोर लावला, तर झोपाळा जणू मध्याऐवजी उजवीकडच्या एक विताच्या खुणेभोवती झुलू लागतो. डावीकडे लावला तर डावीकडच्या खुणेभोवती.

घरातलं कोणीही सांगेल की तो ज्या दिशेला जातोय त्याच्या उलट ढकलत राहा. करून पाहू. झोपाळा उजवीकडे 6 वीत टोकाला आहे. तो डावीकडे निघाला, आपण उजवीकडे जोर लावला. तो उजव्या खुणेभोवती झुलतो, म्हणून डावीकडे 6 ऐवजी 4 वीतच जातो. परतताना उलटा जोर, आता उजवीकडे 2. पुन्हा एकदा, आणि तो बरोबर मध्यावर थांबतो. दर अर्ध्या झोक्याला दोन वीत कमी. छान.

आता सुरुवात 5 वितांपासून करा. पाचाचे तीन, तिनाचा एक, आणि झोपाळा उजवीकडच्या एक विताच्या खुणेवर अडकतो. तिथे आपला पूर्ण जोर आणि झोपाळ्याची मध्याकडची ओढ सारखीच होते. हात सोडला तर तो पुन्हा झुलणार. सगळा जोर लावूनही काम अपुरं राहिलं.

खरं उत्तर ऐकून चकित व्हायला होतं. झोपाळा 5 वितांच्या टोकावरून डावीकडे निघतो तेव्हा आधी क्षणभर त्याच दिशेला ढकलायचं, म्हणजे थांबवण्याऐवजी त्याचा वेग वाढवायचा! झोका 3 सेकंदांचा असेल तर हा धक्का सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही छोटा आहे. मग अर्धा झोकाभर उजवीकडे जोर, अर्धा झोकाभर डावीकडे आणि शेवटी साधारण पाव झोका उजवीकडे. एकूण 3.8 सेकंदांत झोपाळा मध्यावर स्तब्ध. सुरुवातीचा तो उलटा वाटणारा धक्का ताल जुळवण्यासाठी असतो. तबलजी समेवर येण्यासाठी आधीच मात्रांचा हिशेब लावतो, तसा.

झोपाळ्याच्या या कोड्याची पूर्ण उकल डोनाल्ड बुशॉ या अमेरिकी तरुणाने 1952 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात केली. त्याच्या फेज प्लेनवरचा पलटण्याचा वक्र एकाला एक चिकटलेल्या अर्धवर्तुळांचा आहे, कमानींची रांग असावी तसा.

वक्राआधीचे खटके

हा विषय गणितज्ञांच्या हाती आला त्याआधी तो वर्कशॉपमध्ये होता. नियंत्रण करण्याचं सर्वांत स्वस्त आणि दणकट साधन म्हणजे रिले: विजेचा खटका, चालू किंवा बंद. घरच्या इस्त्रीत तापमान राखायला ‘टक’ करणारी पट्टी असते, तिच्या जातीचाच. दुसऱ्या महायुद्धात तोफा फिरवणाऱ्या आणि क्षेपणास्त्रांना दिशा देणाऱ्या यंत्रणांमध्ये असे खटके मोठ्या प्रमाणात वापरले गेले. ते चालत, पण कधी डगडगत आणि थरथरत. कधी थांबायच्या जागीच थांबत नसत.

या थरथरीचा शिस्तीत अभ्यास करणाऱ्यांत एक नाव ठळक आहे: इर्मगार्ड फ्ल्युगे-लोट्झ. 1903 मध्ये जर्मनीत जन्मलेल्या या विदुषीने गॉटिंगेनमध्ये काम केलं, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली आणि 1953 मध्ये तुटक, म्हणजे खटकेबाज नियंत्रणावर पुस्तक लिहिलं. स्टॅनफर्डच्या अभियांत्रिकी विभागातली ती पहिली महिला पूर्ण प्राध्यापक.

त्याच सुमारास सोव्हिएत संघात ए. ए. फेल्डबाउम या इंजिनीअरने एक सुटसुटीत नियम सिद्ध केला. झोपाळ्यासारखी स्वतःहून न झुलणारी यंत्रणा जितक्या कोटीच्या समीकरणाने लिहिता येते, त्याहून एकने कमी वेळाच पलटावं लागतं. आपल्या ट्रॉलीचं समीकरण दुसऱ्या कोटीचं, म्हणून जास्तीत जास्त एकदा पलटणं. तिसऱ्या कोटीचं असेल तर दोनदा. झुलणाऱ्या यंत्रणांना मात्र ही मर्यादा नाही. झोका जितका मोठा तितके पलटे जास्त.

मॉस्कोतला अंध गणिती

हे सगळे सुटे धागे एका सूत्रात ओवले ते लेव्ह सेम्योनोविच पोन्त्र्यागिन यांनी. 1908 मध्ये मॉस्कोत जन्मलेल्या या मुलाची दृष्टी चौदाव्या वर्षी घरात स्टोव्हचा भडका उडून गेली. आई तात्याना आंद्रेयेव्हना शिवणकाम करायची. तिला गणित येत नव्हतं, तरी ती त्याला पुस्तकं आणि शोधनिबंध वाचून दाखवायची. चिन्हांची नावं माहीत नसल्याने ती दिसेल तसं सांगायची. संचांच्या छेदाचं चिन्ह आलं की ‘शेपट्या खाली’, संयोगाचं आलं की ‘शेपट्या वर’. मुलगा त्यावरून मनातल्या मनात गणित मांडायचा. पुढे तो संस्थितीशास्त्रातला, म्हणजे आकारांच्या ताणण्या-वाकवण्यातही टिकणाऱ्या गुणांच्या शास्त्रातला, जगन्मान्य गणिती झाला.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोन्त्र्यागिन यांनी आपलं अमूर्त क्षेत्र बाजूला ठेवून व्यवहारातले प्रश्न हाती घेतले. 1955 मध्ये लष्करी विमानांच्या डावपेचांतून आलेला कमीत कमी वेळेचा एक प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यात समीकरणं पाच होती. कागदावर वक्र काढून ती सुटणारी नव्हती. बोल्त्यान्स्की आणि गमक्रेलिद्झे या सहकाऱ्यांसह त्यांनी 1956 मध्ये जे उत्तर जाहीर केलं ते आज ‘पोन्त्र्यागिनचं महत्तम तत्त्व’ म्हणून ओळखलं जातं. मिश्चेन्को यांच्यासह चौघांनी लिहिलेलं त्याचं पुस्तक 1961 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना लेनिन पारितोषिक मिळालं.

तत्त्वाचा गाभा बाजारातल्या भाषेत सांगता येतो. यंत्रणेच्या प्रत्येक राशीला, म्हणजे ट्रॉलीच्या स्थानाला आणि वेगाला, दर क्षणी एक किंमत आहे असं समजा. या क्षणी वेग थोडा वाढला तर अखेरच्या हिशेबात किती फायदा किंवा तोटा होईल, ती त्याची किंमत. मग दर क्षणी जोर असा लावायचा की त्या किमतीने मोजलेली कमाई जास्तीत जास्त होईल. किंमत धन असेल तर जितका वेग वाढवता येईल तितका वाढवा, ऋण असेल तर जितका कमी करता येईल तितका करा. मधल्या जोराला जागाच उरत नाही. भाव चढा असताना निम्माच माल विकणारा व्यापारी कोणी पाहिला आहे का? बँग-बँग इथून निघतं. किंमत शून्यातून जाते तो क्षण पलटण्याचा.

मग पलटे किती वेळा, हे किमतीच्या वागण्यावरून कळतं. ट्रॉलीच्या बाबतीत वेगाची किंमत वेळेनुसार सरळ रेषेत बदलते आणि सरळ रेषा शून्याला फार तर एकदा छेदते. म्हणून एकच पलटा. झोपाळ्याच्या बाबतीत किंमतही झोपाळ्याच्याच तालावर झुलते आणि दर अर्ध्या झोक्याला शून्यातून जाते. म्हणून मधले धक्के बरोबर अर्ध्या झोक्याचे, फक्त पहिला आणि शेवटचा तोकडा असू शकतो. ट्रॉलीचा आणि झोपाळ्याचा नियम आपण वेगवेगळा शोधला होता. इथे दोन्ही एकाच वाक्यातून बाहेर पडतात.

चंद्रावर आणि धक्क्यावर

20 जुलै 1969 रोजी चंद्रावर उतरलेल्या अपोलो 11 च्या चांद्रयानाला दिशा देण्यासाठी 16 छोटे रॉकेट-नळे होते, प्रत्येकाचा जोर सुमारे 445 न्यूटन. या नळ्यांना ‘थोडासा जोर’ ठाऊकच नव्हता. पेटले की पूर्ण, विझले की शून्य. यान किती तिरकं झालं आहे आणि किती वेगाने वळतं आहे हे संगणक सेकंदाला दहा वेळा पाहायचा, मनातल्या फेज प्लेनवर ठिपका ठेवायचा आणि अन्वस्तांच्या वक्रांशी ताडून नळे पेटवायचा. आपल्या ट्रॉलीचाच कागद, फक्त अंतराच्या जागी कोन. त्या संगणकाची तात्पुरती स्मृती अवघी 2,048 शब्दांची होती. वक्राची कोणती बाजू, एवढाच प्रश्न विचारणारी रीत अशा गरीब संगणकालाही परवडते.

जमिनीवरचं उदाहरण न्हावा-शेवा बंदरात दिसतं. जहाजावरचा कंटेनर दोरखंडांवर उचलून धक्क्यावर आणणाऱ्या क्रेनमध्ये ट्रॉली आणि झोपाळा दोन्ही एकत्र आलेले असतात. वरची गाडी थांबली तरी खालचा डबा झुलत राहतो आणि तो शांत होईपर्यंत ट्रेलरवर ठेवता येत नाही. लोंबणाऱ्या दोराची लांबी 25 मीटर असेल तर एक झोका 10 सेकंदांचा होतो. गाडीचा वेग एकसारख्या जोराने बरोबर 10 सेकंद वाढवला, तर वाढ संपते त्या क्षणी डबा झुलणं थांबवून सरळ खाली लोंबतो. नऊ सेकंदांत उरकलं तर तो झुलतच राहतो. वेळ साधली की झोपाळा आपणहून गप्प बसतो.

अर्ध्या सेकंदाचा विमा

आता अडदांड ड्रायव्हरच्या दुखऱ्या जागेकडे येऊ. त्याचं गणित चोख आहे, पण ते सगळं काही ठरल्याप्रमाणे घडलं तरच. समजा मागे ओढणारा जोर त्याच्या समजुतीपेक्षा 5 टक्के कमी निघाला. तो 50 मीटरवर पलटेल, पण 10 मीटर प्रतिसेकंद वेगातून थांबायला आता 52.6 मीटर लागतील. ट्रॉली रेघेपलीकडे अडीच मीटरच्या वर जाईल. हाती काही राखून ठेवलेलं नाही, म्हणून चूक सावरायला आणखी जोर कुठून आणणार?

वक्र पाहत चालवलं तर शेवटी परत येता येतं, पण मग दुसरं दुखणं सुरू होतं. खरा खटका पलटायला काही क्षण लागतात, वेग मोजणाऱ्या यंत्रात थोडा गोंधळ असतो. ठिपका वक्राच्या एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जात राहतो आणि रेघेजवळ खटका टकटकू लागतो. यंत्र थरथरतं, भाग झिजतात, इंधन वाया जातं. म्हणून चांद्रयानातही मध्यबिंदूभोवती एक छोटा ‘शांत’ पट्टा राखला होता. ठिपका त्यात असेल तर कोणताही नळा पेटवायचा नाही.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक एका मार्गिकेवरून दुसरीवर न्यायचं असतं तिथे हीच अडचण आली. त्यावरचा चांगला तोडगा मायकेल वर्कमन यांनी स्टॅनफर्डमध्ये 1987 च्या आपल्या प्रबंधात मांडला. लांबच्या प्रवासात जवळजवळ पूर्ण जोर लावायचा, पण ब्रेकचा थोडा हिस्सा राखून ठेवायचा आणि लक्ष्याजवळ आलं की खटका सोडून समजूतदार ड्रायव्हरच्या हाती सूत्रं द्यायची. तो जोर बेताने कमी करत टोक जागेवर बसवतो.

हा शहाणपणा किती महाग पडतो? आपल्या ट्रॉलीवर मोजा. वेग घेताना पूर्ण जोर लावा, पण ब्रेकचा बेत करताना तो 90 टक्केच आहे असं धरून चला. पलटा थोडा आधी येईल आणि ट्रॉली 20 ऐवजी 20.55 सेकंदांत रेघेवर उभी राहील. अर्ध्या सेकंदाच्या या हप्त्यावर ब्रेक 10 टक्के कमजोर निघाले तरी रेघ चुकत नाही.